'विलंबित नाळ कापणे' : एका संज्ञेची चिकित्सा

आरोग्यविषयक सूचनांच्या मराठीकडे भाषाभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. खांदेश्वर येथे माझ्या घराजवळील एका प्रसूतिगृहाच्या भिंतीवर 'विलंबित नाळ कापणे' हा प्रयोग वाचनात आला. या तीन शब्दांत दोन दोष आहेत आणि त्यांचा भार अखेर अपुऱ्या दिवसांच्या अर्भकावर पडतो.

पहिला दोष विशेषणाचा. विलंब गाडीला होतो, न्यायाला होतो. ज्याच्या हातून तो घडला त्याला खुलासा द्यावा लागतो. (संगीतातील विलंबित लय हा सन्माननीय अपवाद.) येथे वस्तुस्थिती उलट आहे. जन्मानंतर नाळ काही काळ स्पंदत असते व वारेतील रक्त बाळाकडे वाहत असते. पूर्ण दिवसांच्या बाळाचेही सुमारे एक-तृतीयांश रक्त त्या क्षणी वारेत असते. दिवस अपुरे असल्यास हा वाटा आणखी मोठा. शिवाय गर्भातील लोहाचा साठा मुख्यत्वे शेवटच्या तीन महिन्यांत होतो, आणि तेच महिने या बाळाला लाभलेले नसतात. पुढे रक्तक्षय होऊ नये म्हणून हे रक्त त्याला मिळणे अगत्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली निदान एक मिनिट थांबण्याची शिफारस केली. २०१८ च्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाने तीन मिनिटे सांगितली. 'लॅन्सेट'मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणांत, थांबल्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे रुग्णालयातील मृत्यू घटतात, असे आढळले. तेव्हा थांबणे हाच नियम असताना आपली संज्ञा मात्र त्याला दिरंगाई म्हणते! इंग्रजीतील संशोधकही आता 'डिलेड' सोडून बुद्धिपुरस्सरता सुचविणारा 'डिफर्ड' हा शब्द वापरू लागले आहेत. आपण त्यांनी टाकू घातलेल्या शब्दाचे भाषांतर जपून ठेवले आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. रक्तप्रवाह थांबतो तो नाळेला चिमटा लावल्याने अथवा ती बांधल्याने. कापणे ही त्यानंतरची क्रिया. चिमटा तत्काळ लावून कात्री तीन मिनिटांनी चालविली, तर फलकाचे अक्षरशः पालन होईल आणि बाळाला मात्र काहीच मिळणार नाही. सुश्रुताने सुताने बांधणे व छेदणे ही दोन कर्मे वेगळी सांगितली आहेत. चरकाच्या शारीरस्थानात तर आधी बाळाचे प्राण सावरण्याचे उपचार येतात व नाडीकल्पन मागाहून. त्यांना आजचे रक्तशास्त्र ठाऊक होते असा दावा मी करीत नाही. परंतु क्रिया वेगळ्या तर क्रियापदेही वेगळी, हे भान त्या गद्याला आहे. भारतात अनेक ठिकाणी सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. त्या व्यवहाराला 'विलंब' म्हणण्याची गरज कोणाला भासली नव्हती.

मग 'प्रतीक्षा' म्हणावे काय? तो शब्द मला प्रथम रुचला, पण हात बांधून बसणे हा अर्थ त्यालाही चिकटतो. त्या मिनिटात बाळाला कोरडे करणे, उबेत ठेवणे, श्वासाकडे पाहणे ही कामे असतात. उलट 'रक्त बाळाकडे जाऊ द्या' एवढेच लिहिल्यास कोणी घाईने नाळ पिळू लागेल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या बालकांत नाळ पिळल्याने मेंदूतील गंभीर रक्तस्राव वाढलेला दिसला होता. म्हणून सामासिक संज्ञेचा हव्यास सोडून साधे वाक्यच लिहावे : 'बाळाला उबेत ठेवा, घड्याळ पाहून निदान एक मिनिट नाळेला चिमटा लावू नका, नाळ पिळू नका.' बाळ श्वास घेत नसल्यास काय करावे, ही ओळ मात्र वैद्यांनीच लिहावी आणि ती याच फलकावर असावी.