तक्त्यावरची पवनचक्की

शिरूर-दौंड भागातील विज्ञान प्रदर्शनांत पवनचक्कीची प्रतिकृती हमखास भेटते. पुठ्ठ्याची पाती, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर, समोर टेबलफॅन. दिवा लागतो. शेजारच्या तक्त्यावर सूत्र असते: अर्धा गुणिले घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. त्याखाली बेट्झची ५९.३ टक्क्यांची मर्यादा आणि शेवटी ‘मोठी चक्की उभारल्यास इतकी वीज’ असा ठोक आकडा. प्रतिकृतीविषयी तक्रार नाही. पाती मुलांनी स्वतः कापलेली असली, तर ती मला आवडतेच. आक्षेप आहे तो त्या शेवटच्या आकड्याला.

चार सेंटिमीटर रुंद पात्यावरून सेकंदाला आठ मीटर वेगाने हवा गेली, तर रेनॉल्ड्स संख्या सुमारे २१,००० येते. घोड नदी ओलांडून सुप्याकडे जाताना कवड्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. तशा यंत्राच्या मीटरभर रुंद पात्याच्या टोकाकडे, वेग सेकंदाला साठ मीटर धरल्यास, ती चाळीस लाखांच्या घरात जाते. दोन्हीकडे उचल आणि रोध यांचे प्रमाण अगदी निराळे असते. म्हणून अभियंते पात्याच्या छेदावरील बले वातविवरात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, कोनागणिक मोजतात. मग पात्याचे तुकडे कल्पून प्रत्येकावरील बलाची बेरीज करतात.

एवढ्यानेही भागत नाही. २००० साली अमेरिकेतील नासाच्या एम्स केंद्रात, २४.४ बाय ३६.६ मीटरच्या वातविवरात, १० मीटर व्यासाची चक्की फिरवण्यात आली. निष्कर्ष झाकून ठेवून तज्ज्ञांकडून अंदाज मागवले होते. छेदाची मोजमापे त्यांच्या हाती होती. वारा स्थिर आणि समोरून, हवा पात्याला धरून वाहणारी. म्हणजे पेपर सोपाच. तरी शक्तीचे अंदाज प्रत्यक्षाच्या २५ ते १७५ टक्के निघाले! जोराच्या वाऱ्यात हवा पात्यापासून सुटल्यावर ते ३० ते २७५ टक्के झाले. फिरणाऱ्या पात्यावर, विशेषतः आसाजवळ, सुटलेली हवा बाहेरच्या दिशेने सरकते आणि उचल वाढते. वातविवरात स्थिर धरलेल्या तुकड्यावर हे दिसतच नाही.

तेव्हा तो आकडा पुसावा. मोटरला १० ओहमचा रोध जोडावा, पात्यांचा कोन पाच-पाच अंशांनी बदलावा, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध असे गणित करून आलेख काढावा. कोणत्या कोनाला शक्ती सर्वाधिक मिळेल, हे मुलांनी पंखा लावण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे. परीक्षकांनी आधी ती वही मागावी, दिवा नंतर पाहावा.