‘द इन्व्हेजन फ्रॉम मार्स’: काय घ्यायचं, काय तपासायचं

रेडिओ निर्मितीच्या वर्गात ३० ऑक्टोबर १९३८ चं प्रसारण येतंच. ऑर्सन वेल्सने सीबीएसवर ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ बातम्यांच्या थाटात सादर केलं आणि ‘सगळी अमेरिका घाबरून रस्त्यावर आली’, असं आपण ऐकत आलोय. या वाक्याला आधार म्हणून प्रबंधांत हॅडली कॅन्ट्रिलचं १९४० चं हे पुस्तक दिलं जातं. पण पुस्तक तसं म्हणतच नाही.

त्यातला अंदाज असा: सुमारे ६० लाख लोकांनी कार्यक्रम ऐकला. त्यातल्या २८ टक्क्यांना ती खरी बातमी वाटली आणि या २८ टक्क्यांपैकी ७० टक्के घाबरले किंवा अस्वस्थ झाले. म्हणजे साधारण १२ लाख. आकडा मोठाच आहे, पण पुस्तकाच्याच हिशोबाने बहुतेक श्रोते घाबरले नव्हते. शिवाय ‘घाबरणं’ आणि ‘अस्वस्थ होणं’ एकाच खात्यात टाकलंय. बातमी ऐकून जीव खालीवर होणं आणि घर सोडून पळणं, या दोन गोष्टी एक कशा?

आता मुलाखती. एकूण १३५, सगळ्या न्यू जर्सी भागातल्या. त्यांपैकी शंभराहून अधिक माणसं निवडली ती घाबरली होती हे आधीच माहीत होतं म्हणून. लेखक हे लपवत नाही. अशा नमुन्यातून माणसं का घाबरली ते कळतं. किती घाबरली ते नाही. आणि ‘का’च्या बाबतीत पुस्तक आजही दमदार आहे. कुणी दुसरं स्टेशन लावून खात्री केली, कुणी खिडकीतून डोकावूनच मत पक्कं केलं, हा फरक त्यात नीट उलगडलाय.

माझा खरा आक्षेप निर्मितीच्या बाजूने आहे. पुस्तकात अख्खी संहिता छापलीय, पण संहिता म्हणजे कार्यक्रम नव्हे. कागदावर बोलतो तो फक्त अंतर्गत खात्याचा मंत्री. ध्वनिमुद्रण ऐका, आवाज थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धाटणीचा आहे. ग्रोव्हर्स मिलहून बोलणारा वार्ताहर मध्येच तुटतो आणि मग काही सेकंद काहीच नाही. ती शांतता वाचताना एका ओळीत संपते, ऐकताना संपता संपत नाही. वार्ताहर झालेल्या फ्रँक रीडिकने तयारीसाठी १९३७ च्या हिंडेनबर्ग दुर्घटनेचं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. भीती आवाजात कशी घडवली, याचं उत्तर अशा तपशिलांत आहे.

तेव्हा हे पुस्तक संदर्भात जरूर घ्या, पण ‘का’साठी. ‘किती’साठी घेतलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न नमुना निवडीवरच येईल, आणि तो रास्त असेल. तुमचा विषय निर्मिती असेल, तर संहितेआधी ध्वनिमुद्रण ऐका. घड्याळ समोर ठेवा. संगीत कुठे तोडलं, शांतता किती वेळ धरली, हे लिहून काढा. रेडिओच्या अभ्यासात तीच तुमची मूळ सामग्री.