उशिरा पडणारा ठोका

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी हिप-हॉपचे ‘बीट’ रचू लागलो आहे, हे आपल्या मंडळातील जुन्या सभासदांना कळले तेव्हा बहुतेकांनी सौजन्याने विषय बदलला. बीट म्हणजे रॅप करणारा ज्यावर आपले शब्द बोलतो ती वाद्यांची बैठक: ढोलाचे ठोके, खर्जाचा स्वर आणि बहुधा जुन्या ध्वनिमुद्रिकेतून कापून घेतलेला एखादा तुकडा. भाचीचे सोळा कळांचे यंत्र घरी पडून होते, एवढेच निमित्त. परंतु या छंदामुळेच डॅन चार्नस यांचे ‘डिला टाइम’ (२०२२) हे पुस्तक मला नीट वाचता आले. बोटे न चालवता ते वाचले असते तर त्यातील मुख्य सिद्धान्त मी मान डोलावून मान्य केला असता आणि विसरून गेलो असतो.

पुस्तकाचा नायक जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला. डेट्रॉइटमध्ये १९७४ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय संगीतकार १० फेब्रुवारी २००६ रोजी, बत्तिसाव्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी, दीर्घ आजाराने गेला. त्या वाढदिवशीच त्याची एकतीस लहान लहान रचनांची ‘डोनट्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली होती. त्याचे एमपीसी ३००० हे यंत्र आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयात आहे.

रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी आखलेल्या या यंत्रमालेतील पहिले यंत्र १९८८ साली आले. त्यात ‘क्वांटाइझ’ नावाची सोय असते. बोट थोडे मागेपुढे पडले तरी यंत्र तो ठोका उचलून जवळच्या नेमक्या जागी बसवते. एका मात्रेचे ते ९६ भाग करते. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत असा एक भाग भरतो सुमारे सात सहस्रांश सेकंदांचा. डिलाविषयी रूढ समजूत अशी की त्याने ही सोय बंद केली, हाताने सैलसर वाजवले आणि म्हणून त्याचे संगीत डुलते. यंत्राविरुद्ध माणूस, अशी ही सोयीची कथा. चार्नस ती खोडून काढतात. त्यांच्या मते डिलाने यंत्राच्याच सोयी वापरून एक वाद्य सरळ लयीत, दुसरे झुलत्या लयीत आणि तिसरे किंचित सरकवून ठेवले. स्नेअरचा कडक ठोका तो अनेकदा जरासा आधी आणतो. त्यामुळे किकचा जड ठोका रेंगाळल्यासारखा भासतो.

हे पटण्यासाठी मला माझीच बोटे पुरावा म्हणून सापडली. माझा ठोका चुकतो तो दरवेळी निराळ्या प्रमाणात चुकतो. डिलाचा ठोका जेथे चुकल्यासारखा वाटतो, तेथेच तो पुढच्या आवर्तनात आणि त्याच्याही पुढच्या आवर्तनात येतो. वीस वेळा त्याच जागी येणाऱ्या गोष्टीला चूक म्हणता येत नाही. लहानपणी तबला शिकताना ‘याची लय ढिली आहे’ असा शेरा मिळून माझे शिक्षण चौदाव्या वर्षी थांबले होते. ‘डिला टाइम’ हाती घेताना त्या शेऱ्याविरुद्ध उशिरा का होईना दाद मिळेल, अशी लबाड आशा मनात होती. पुस्तकाने ती पुरी केली नाही.

आपल्याकडच्या श्रोत्याला यात नवे काय, असा प्रश्न पडेल. ख्यालगायक ठेक्याच्या मागे रेंगाळत समेवर येतो, तो आनंद आपल्या परिचयाचा आहे. मात्र तेथे ठेका स्थिर असतो आणि स्वातंत्र्य गायकाचे असते. डिलाच्या रचनेत मतभेद ठेक्याच्या आतच आहे. तबला एका लयीत आणि डग्गा केसभर निराळ्या लयीत चालावा, तरीही दोघांनी एकमेकांना सोडू नये, तशी ती अवस्था आहे. चार्नस हे आकृत्यांनी आणि टाळ्यांच्या अभ्यासाने समजावतात. हे भाग पुस्तकातील सर्वोत्तम होत. टाळी न देता ते वाचू नयेत.

इतरत्र मात्र लेखक स्वतःच्या रूपकाच्या प्रेमात पडला आहे. डेट्रॉइटच्या रस्त्यांच्या दोन न जुळणाऱ्या आखण्या आणि डिलाच्या दोन लयी यांची सांगड प्रथम वाचताना चमकदार वाटते. पुढे ती ओझे होते. मृत्यूनंतरच्या वारसाहक्काच्या भांडणांनाही गरजेपेक्षा अधिक पाने गेली आहेत. उलट, ‘डोनट्स’ ही रुग्णशय्येवरच रचली गेली, या हळव्या दंतकथेला दिलेला धक्का मोलाचा आहे. त्यातील पुष्कळसा भाग आधीच घरी तयार झाला होता आणि अंतिम मांडणीत दुसऱ्याचाही हात होता. मरणाची सावली बाजूला केली की रचना रचना म्हणून ऐकू येते.

‘डोन्ट क्राय’ घ्या. डिला प्रथम द एस्कॉर्ट्सचे जुने गाणे काही काळ तसेच वाजू देतो. श्रोत्याचा त्यात जीव गुंतला की त्याच गाण्याचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जोडतो. मूळ माल आधी उघड दाखवण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. तोच प्रयोग मी आजोबांच्या तबकडीवरील एका नाट्यपदावर केला. तो सपशेल फसला. अमेरिकेतील त्या काळच्या सोल-गाण्यांत ढोलाचा ठोका पुष्कळदा मोकळा सापडतो. या पदात तबला ऑर्गनच्या स्वराखाली दबलेला, आणि गायकाची तान कोठे कापावी म्हटले तरी अर्ध्यातच तुटे.

शेवटी तबकडी सोडली आणि नुसते ठोके घेऊन बसलो. स्नेअर दोन भाग आधी आणला, किक तीन भाग मागे सारली. भाची कानाला लावून ऐकत होती. तिने विचारले, “मामा, हे मुद्दाम उशिरा आहे, की चुकलंय?”

“चुकलंय,” मी म्हणालो.

तो तुकडा पुसला नाही. रविवारी किक एकच भाग मागे ठेवून पाहणार आहे.