वृद्धांसाठी डिजॉक्सिनची मात्रा : एका सूत्राची चिकित्सा

कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले सूत्र आज इतके रूढ झाले आहे की, ते कोणत्या रुग्णांवरून सिद्ध झाले याचा विचार क्वचितच केला जातो. १४० मधून वय वजा करावे, बाकीस किलोग्रॅममधील वजनाने गुणावे व रक्तातील क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे, म्हणजे मूत्रपिंडांच्या उत्सर्जनशक्तीचा दर मिनिटास मिलिलिटरमध्ये अंदाज मिळतो. मूळ अभ्यासातील २४९ रुग्ण बहुतेक सर्व पुरुष होते. स्त्रियांसाठी उत्तर १५ टक्क्यांनी घटवावे, ही दुरुस्ती मोजमापातून आलेली नसून गृहीत धरलेली आहे.

डिजॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि त्याच्या हितकर व विषारी पातळ्यांत अंतर फार थोडे असते. म्हणून या सूत्राची खरी कसोटी येथेच लागते. बीड जिल्ह्यातील धारूर किंवा वडवणी तालुक्यातील, उमेदीची वर्षे ऊसतोडीत घालविलेली एखादी वृद्धा कल्पावी : वय ८०, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन ०.९. तपासणीच्या कागदावर हा आकडा निर्दोष दिसतो. सूत्राने मात्र उत्तर ३३ येते. तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या, चाळिशीतील ७० किलोच्या पुरुषाचे उत्तर १०८ येते. स्नायू झिजले की क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. निर्दोष आकड्याआडची ही दुर्बलता उघड करणे, हा सूत्राचा मोठाच गुण होय.

जेथे जन्माची नोंदच नाही, तेथे वयावर उभारलेले सूत्र काय कामाचे, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच निराधार नव्हे. निजामी राजवटीत जन्मलेल्यांचे वय पुष्कळदा १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आठवणीवरूनच ठरते. तथापि आकडे मांडून पाहिले असता निराळेच दिसते. वरील वृद्धेचे वय ९० धरले, तर ३३ चे २८ होतात. उलट तिला काट्यावर उभे न करता ६० किलोची मानले, तर उत्तर ४७ वर जाते! वयातील दहा वर्षांची चूक एक वेळ सोसेल, वजनाचा अंदाज सोसणार नाही. त्यातही हृदयविकाराने पाय सुजलेले असता घेतलेले वजन हे काही अंशी पाण्याचेच वजन असते.

पाव मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून पाच दिवस देण्याचा आपल्याकडील परिपाठ तर वय, वजन, क्रिएटिनिन यांपैकी काहीच विचारीत नाही. त्याची रोजची सरासरी सुमारे ०.१८ मिलिग्रॅम पडते. अमेरिकेतील बीअर्स निकष वृद्धांना ०.१२५ हून अधिक मात्रा टाळण्यास सांगतात. निरोगी मूत्रपिंडांत या औषधाचे अर्धे प्रमाण सुमारे दीड दिवसात उतरते. दुर्बल मूत्रपिंडांना त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि दोन दिवसांच्या खंडाने साचलेले औषध निघून जात नाही.

अन्नावरील वासना उडणे व मळमळणे ही विषबाधेची आरंभीची लक्षणे होत. घरचे लोक ती म्हातारपणावर घालतात. वृद्धेचे वजन आणखी उतरते, तिला सोसणारी मात्रा त्याबरोबर घटते आणि गोळी मात्र पहिल्या दिवशी लिहिली तीच चालू राहते.