विस्मृत नटीचे स्मरण : लिन रेडग्रेव्ह यांची एकपात्री नाटके

प्रास्ताविक

नटाची कला त्याच्याबरोबरच संपते, असे नाट्यसमीक्षेत वारंवार म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. थोर नटांच्या मागे चरित्रे, छायाचित्रे आणि आठवणी उरतात. खऱ्या अर्थाने पुसले जाते ते दुय्यम भूमिका निष्ठेने करणाऱ्यांचे आणि दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे कर्तृत्व. अशा कलावंताचे स्मरण त्याच्याच वारसाने रंगभूमीवर एकट्याने करावयाचे ठरविले, तर स्मरण कोणाचे होते : गेलेल्या नटाचे की बोलणाऱ्या वारसाचे? इंग्रज अभिनेत्री लिन रेडग्रेव्ह (१९४३–२०१०) यांनी आपल्या वडिलांवर, आजीवर व आईवर लिहिलेल्या आणि स्वतः सादर केलेल्या तीन एकपात्री नाटकांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

‘मी’ कोणाचा?

मराठी रसिकाला एकपात्री प्रयोग अपरिचित नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये किंवा लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकच नट अनेक पात्रे उभी करतो. सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये नटी एका ऐतिहासिक स्त्रीच्या तोंडून बोलते, तेथील ‘मी’ हा त्या स्त्रीचा असतो. आप्तांविषयीच्या एकपात्री नाटकात मात्र नातलग आणि निवेदक यांच्यातील सीमारेषा सतत हलती राहते. हे हलतेपण हीच या प्रकाराची शक्ती आहे आणि धोकाही तोच आहे.

पिता : ख्यातीच्या सावलीतील कन्या

‘शेक्सपिअर फॉर माय फादर’ हे नाटक १९९३ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्यासाठी लिन यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. सर मायकल रेडग्रेव्ह (१९०८–१९८५) हे विसाव्या शतकातील इंग्रजी रंगभूमीचे अग्रगण्य नट. येथे विस्मृतीचा प्रश्न उलट दिशेने येतो. पित्याला जग विसरलेले नाही. पित्यालाच कन्येचा विसर पडला होता. लिन यांच्या जन्मदिवशीच्या वडिलांच्या दैनंदिनीत त्या जन्माचा उल्लेखच नव्हता. याउलट थोरली बहीण व्हॅनेसा हिचा जन्म झाला तेव्हा, १९३७ मध्ये, ओल्ड व्हिक नाट्यगृहात ‘हॅम्लेट’च्या प्रयोगानंतर लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रंगमंचावरून प्रेक्षकांना ती वार्ता सांगितली होती. एका मुलीच्या वाट्याला रंगमंचावरची घोषणा आली, दुसरीच्या वाट्याला दैनंदिनीचे कोरे पान. या नाटकातील शेक्सपिअरचे उतारे म्हणूनच केवळ अलंकार ठरत नाहीत. अबोल पित्याशी जे प्रत्यक्ष बोलता आले नाही, ते बोलण्यासाठी कन्येने पित्याचीच भाषा उसनी घेतली आहे.

आजी : कागदपत्रांच्या अभावी कल्पना

‘नाइटिंगेल’ या नाटकाचे बीज एका थडग्यापाशी सापडते. आजी बिअट्रिस केम्पसन यांच्या थडग्यावरील अक्षरे पावसापाण्याने झिजून गेल्याचे लिन यांना दिसले. आजी अभिनेत्री नव्हती. तिच्याविषयीची माहितीही अत्यल्प. तेव्हा लिन यांनी तिला मिल्ड्रेड हे कल्पित नाव देऊन तिचे अंतरंग स्वतःच्या कल्पनेने रचले. येथे प्रामाणिकपणा नाव बदलण्यात आहे. कल्पित मजकूर सत्य म्हणून पुढे करण्याचे लेखिकेने टाळले आहे. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन थिएटर क्लबमध्ये या नाटकाचे प्रयोग झाले, तेव्हा आजारपणामुळे लिन यांनी ते मेजापाशी बसून, संहिता हाती घेऊन सादर केले. ही तडजोड असली तरी तिला अर्थ प्राप्त झाला. जिचे नाव दगडावरही टिकले नाही, ती आजी निदान कागदावर आहे, हे प्रेक्षकांना प्रत्यक्ष दिसत होते.

आई : ज्युलिएट आणि इतर सर्व भूमिका

या तिन्हींत समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत अवघड विषय ‘रेचल अँड ज्युलिएट’चा आहे. रेचल केम्पसन (१९१०–२००३) या स्वतः कसलेल्या अभिनेत्री. कारकिर्दीच्या आरंभी त्यांनी स्ट्रॅटफर्ड येथे ज्युलिएट साकारली. पुढे १९३५ मध्ये मायकल यांच्याशी विवाह झाला. तिन्ही मुले नट झाली आणि रेचल यांची ओळख ‘रेडग्रेव्ह घराण्याची माता’ एवढीच उरली. नाटकाने या ओळखीविरुद्ध ज्युलिएटला उभे केले आहे. आईच्या मनात ती भूमिका जन्मभर जिवंत राहिली, हे त्याचे सूत्र आहे.

हे सूत्र हृद्य आहे. परंतु ते तपासून पाहणेही आवश्यक आहे. विस्मृत नटीला स्मरणात आणण्यासाठी तिच्या शेक्सपिअरीय भूमिकेचाच आधार घेतला, तर प्रतिष्ठेची जुनी उतरंड कायम राहते. रेचल यांच्या उत्तरायुष्यातील लक्षणीय काम दूरचित्रवाणीवरचे आहे. भारतीय प्रेक्षकांना जवळचे वाटावे असे उदाहरण म्हणजे पॉल स्कॉट यांच्या कादंबरीचतुष्टयावर आधारित ‘द ज्युअल इन द क्राउन’ ही १९८४ मधील मालिका. तीत त्यांनी लेडी मॅनर्सची भूमिका केली. पुतणीच्या मृत्यूनंतर, समाजाच्या नापसंतीची पर्वा न करता तिच्या मुलीला सांभाळणारी ही वृद्धा. प्रसंग थोडे, परंतु कथेचा नैतिक भार वाहणारे. दुसऱ्याच्या उद्ध्वस्त आयुष्याची स्मृती जपणारी ही भूमिका रेचल यांच्या स्मरणासाठी ज्युलिएटइतकीच समर्पक ठरते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. रेचल यांचे आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. विस्मृत म्हणजे मूक नव्हे. आईने स्वतःचे म्हणणे आधीच लिहून ठेवलेले असताना कन्येला आजीच्या बाबतीत होते तेवढे स्वातंत्र्य येथे उरत नाही.

वारसाचे स्वतःचे विस्मरण

या उतरंडीचा फटका लिन यांनाही बसलेला दिसतो. आज त्यांचे नाव ‘जॉर्जी गर्ल’ (१९६६) या चित्रपटामुळे किंवा घराण्यामुळे निघते. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील सिटकॉममध्ये, अर्थात प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकांत, त्यांनी केलेले काम फारसे कोणी आठवत नाही. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘हाउस कॉल्स’ या मालिकेत त्या रुग्णालयातील प्रशासक होत्या. तान्ह्या मुलीला कामाच्या ठिकाणी दूध पाजण्याच्या प्रश्नावरून निर्मात्यांशी वाद होऊन १९८१ मध्ये त्या मालिकेबाहेर पडल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९८९ मधील ‘चिकन सूप’ तर काही आठवड्यांतच बंद झाली. आठवडा-दर-आठवडा हशा निर्माण करण्याचे हे कौशल्य मालिका संपताच निरुपयोगी मानले जाते. तथापि एकट्या नटीने दोन-अडीच तास प्रेक्षकांना धरून ठेवण्यासाठी लागणारे वेळेचे भान आणि थेट संवादाचे कसब या कामातही घडत असते, हे नाकारता येणार नाही.

समारोप

पित्याच्या बाबतीत स्मृती, आजीच्या बाबतीत कल्पना आणि आईच्या बाबतीत भूमिका, अशी तीन साधने लिन रेडग्रेव्ह यांनी वापरली. त्यांतील ‘नाइटिंगेल’ सर्वांत मुक्त आहे, कारण तेथे थोरवी सिद्ध करण्याचे दडपण नाही. ‘रेचल अँड ज्युलिएट’ सर्वांत करुण आहे, कारण आईला न्याय देण्यासाठी आईपेक्षा प्रसिद्ध असलेल्या एका पात्राचा आधार घ्यावा लागला. आप्ताच्या विस्मृत कारकिर्दीवर एकपात्री नाटक लिहिणाऱ्यापुढे म्हणूनच खरी कसोटी ही असते : त्या नटाला थोरांच्या पंक्तीत बसविण्यापेक्षा त्याने प्रत्यक्ष केलेले काम, मग ते कितीही लहान, विनोदी वा क्षणभंगुर असो, काम म्हणून पाहता येते की नाही. वारसाचे प्रेम हे स्मरणाला निमित्त पुरविते. मूल्यमापन मात्र त्या कामाकडे पाहूनच करावे लागते.