बडबडगीत, बाहुली आणि बालकाचा उच्चार

मराठी समीक्षेने बडबडगीताला बालसाहित्याच्या उंबरठ्यावर थांबविले, तर बालशिक्षणाने त्याला साधन म्हणून राबविले. एकीकडे उपेक्षा आणि दुसरीकडे उपयोग अशी ही स्थिती आहे. या दोन्ही भूमिकांत एक मूलभूत प्रश्न मात्र बाजूला पडतो: या गीतात बोलतो कोण?

या प्रश्नाचा विचार करताना मावळची मौखिक परंपरा उपयुक्त ठरते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यातील स्त्रियांच्या सहभागातून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन आरंभिले. पुढे ते महाराष्ट्रभर विस्तारले आणि एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. ओवीत बाळ येते, राघू व मैना या प्रतिमांतून लेक आणि लेकही येतात. परंतु बोलते ती आई. मूल तेथे विषय असते. अंगाईत ते श्रोता होते. बडबडगीतातच ते प्रथम वक्ता होते. बडबडगीतही प्रौढांनीच रचलेले असते, असा आक्षेप येथे संभवतो. तो खरा आहे. तथापि मूल शब्द मोडते, ओळी उलटसुलट करते, नवे यमक घुसविते आणि रचनाकर्त्याचे स्वामित्व पुसून टाकते.

अर्थात ओवीचा मुलाशी संबंध केवळ विषयापुरता नव्हता. दळणाऱ्या आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत असलेल्या मुलाला अर्थाआधी लय मिळत असे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते थांबले आणि लयीचे हे पहिले शिक्षणही ओसरले. ही पोकळी भरण्याची जबाबदारी आता बव्हंशी अंगणवाडीवर येते.

गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या. तेथे आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी शाळाच मुलाच्या अंगणात नेली. या कल्पनेत शाळेने मुलाच्या परिसराकडून शिकावे, हा आशय अनुस्यूत होता. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी ही शासकीय संस्था बनली. अंगण सर्वत्र पोहोचले. मुलाचा उच्चार मात्र तितकासा पोहोचला नाही. स्वच्छतेचे, अंकांचे, सवयींचे गीत म्हणताना मूल प्रौढांचे तयार वाक्य यमकात पाठ करते. ते पुन्हा श्रोताच होते, फक्त मोठ्याने बोलणारा श्रोता.

येथे निरर्थकतेचे मूल्य ध्यानी घेतले पाहिजे. मुलाला जगाचा क्रम ठाऊक असतो म्हणूनच त्याला उलट्या जगाची गंमत वाटते, हे कोर्नेइ चुकोव्स्की यांनी ‘दोन ते पाच’ या ग्रंथात दाखविले. मावळच्या संदर्भात या विचाराला आणखी एक परिमाण लाभते. डोंगरवाडीतील ठाकर वा कातकरी मूल आणि लोणावळ्यात पोटापाण्यासाठी आलेल्या परप्रांतीय कुटुंबातील मूल एका अंगणवाडीत बसते, तेव्हा प्रमाण मराठीतील बोधगीत दोघांनाही परके असू शकते. निरर्थक शब्द कोणाच्याच घरचा नसतो, म्हणूनच तो सर्वांचा होऊ शकतो.

बाहुलीलाही हाच निकष लागू पडतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांमागे सूत्रधाराचा आवाज असतो. भातुकलीतील बाहुलीला मूल स्वतःचा आवाज देते. अंगणवाडीतील हातबाहुली या दोहोंच्या मध्ये उभी आहे. ती निर्जीव आहे हे मूल जाणते आणि तरीही तिच्याशी बोलते. हा साहित्यव्यवहारातील आभासाला दिलेल्या संमतीचाच पहिला धडा होय. बाहुली उच्चार दुरुस्त करीत नाही, म्हणून तिच्यासमोर घरची बोली निर्भयपणे येऊ शकते. तीच उपदेश करू लागली की वर्गात दुसरी शिक्षिका तेवढी वाढते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटासाठी खेळाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. परंतु खेळ ही शिकविण्याची युक्ती मानली, तर पाठ संपताच त्याचे प्रयोजनही संपते. गीत मुलाच्या तोंडी आणि बाहुली मुलाच्या हाती गेली, तरच तो मुलाचा भाषाव्यवहार ठरतो. ओवी गाणाऱ्या मावळच्या स्त्रीचा आवाज संकलनाने जतन केला. तिच्या मांडीवरच्या मुलाचा उच्चार ऐकणे अद्याप बाकी आहे.