दौरा संपला, घरची वाट बंद

दहावीच्या सुट्टीत तालुक्याच्या स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दोन जीबीत मावतील तेवढी गाणी आणि मधेच दुकानदाराची जाहिरात. फाइलचं नाव ‘ट्रॅक ०७’. गायक कोण, हे कोणी विचारायचं नाही.

एम्दू मोक्तारचा जगाला पत्ता लागला तो अशाच कार्डांमुळे. तो नायजरमधला तुआरेग गिटारिस्ट. लहानपणी त्याने पहिली गिटार स्वतःच बनवली होती, तारा सायकलच्या ब्रेकच्या केबलच्या. २००८ मध्ये शेजारच्या नायजेरियात त्याने ऑटोट्यून आणि ड्रम मशीन लावून ‘अनार’ हा अल्बम केला. ती गाणी ब्लूटूथवरून सहाराभर फिरली. त्यातलं एक २०११ मध्ये सहारातल्या मोबाइलवरच्या गाण्यांच्या संग्रहात गेलं आणि तो काढणाऱ्या अमेरिकन माणसाने त्याला शोधून काढलं. पुढे तमाशेक भाषेत ‘पर्पल रेन’च्या धर्तीवर एक सिनेमा निघाला, एम्दू त्यात नायक. तमाशेकमध्ये ‘पर्पल’ला शब्दच नाही. म्हणून सिनेमाच्या नावाचा अर्थ ‘थोडा लाल मिसळलेला निळा पाऊस’ असा होतो. (आपल्यावर ही वेळ आली नाही, जांभळाच्या झाडाची कृपा.)

हे सगळं गोड आहे आणि त्याच्यावरचे बहुतेक लेख इथेच रमतात. वाळवंट, ब्रेकची केबल, ‘सहाराचा हेंड्रिक्स’. मला ही पदवी आवडत नाही. ती वाचली की आपण गाण्याआधी वाळू ऐकायला लागतो. एम्दू आधी लग्नात वाजवणारा कलाकार आहे. रात्र संपेपर्यंत माणसं नाचती ठेवायची, हा त्याचा रियाझ. त्याचा सोलो लांबत जातो तो या सवयीने, असं मला वाटतं.

त्याच्या कामाची पद्धतही आपल्या समजुतीच्या उलटी आहे. आपल्याला वाटतं, आधी अल्बम, मग त्याच्या प्रचाराला परदेश दौरा. इथे दौरा हीच अल्बमची तयारी. २०२१ च्या ‘आफ्रिक व्हिक्टिम’नंतर बँड दोन वर्षं जगभर वाजवत फिरला आणि शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या एका जवळपास रिकाम्या घरात पाच दिवसांत ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ रेकॉर्ड केला. तो ऐकताना कळतं की ही चार माणसं रोज रात्री एकत्र वाजवत आली आहेत. कोण कधी सुटणार आणि कोण कधी धरून ठेवणार, हे ठरवावं लागत नाही. एम्दू पिक न वापरता बोटांनी वाजवतो, त्यामुळे एवढ्या वेगातही सूर टोकदार होत नाही. ‘ओ फ्रान्स’मध्ये राग थेट फ्रान्सवर आहे. त्याला कारण आहे: नायजरच्या आर्लितचं युरेनियम वर्षानुवर्षं फ्रेंच अणुभट्ट्यांना गेलं. तक्रार एकच, मधल्या काही गाण्यांत आवाजाची भिंत इतकी जाड होते की शब्दांची लय दबते. मला तमाशेक येत नाही, मी भाषांतर वाचून ऐकतो. तरी ती लय हवीशी वाटते.

हा अल्बम बाहेर यायचा होता. त्याआधी बँड पुन्हा अमेरिकेत दौऱ्यावर असताना, २६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना हटवलं. सीमा बंद झाल्या. घरी बायकापोरं आणि परतायची वाट नाही. अमेरिकेत राहण्याच्या खर्चासाठी त्यांनी चाहत्यांकडे ऑनलाइन वर्गणी मागितली. व्हिसावर परदेशी गेलेल्या माझ्या मित्रांना रिटर्न तिकीट किती महत्त्वाचं वाटतं, ते मी पाहिलंय. पण यांच्या हातात तिकीट असून उपयोग नव्हता.

दौरा संपल्यावर दोनच दिवसांनी ब्रुकलिनच्या एका स्टुडिओत त्यांनी ‘फ्युनरल’चीच गाणी पुन्हा वाजवली, एका खोलीत बसून, अकूस्टिक. हा अल्बम ‘टिअर्स ऑफ इनजस्टिस’. ‘फ्युनरल’ मे २०२४ मध्ये आला, हा फेब्रुवारी २०२५ मध्ये.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो उरलंसुरलं वाटला होता. तीच गाणी, आवाज कमी. काही ठिकाणी अजूनही तसंच वाटतं. ड्रम्सचा धक्का नसला की एक-दोन गाणी जागच्या जागी फिरतात. ‘मॉडर्न स्लेव्ह्ज’ मुळातच शांत होतं, ते फारसं बदलत नाही. पण शीर्षकगीत ऐका. इलेक्ट्रिकमध्ये तो नेत्यांना जाब विचारतो. इथे तेच शब्द एखाद्याने ओट्यावर बसून, जाब मिळणार नाही हे माहीत असून बोलावेत तसे येतात. मला हे जास्त भीतीदायक वाटलं. राग आवाजाच्या पातळीत नसतो, हे मला एखाद्या लेखातून पटलं नसतं. ‘इमूहार’ तमाशेक जपा म्हणून सांगणारं गाणं. त्यात तर आता प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो, आणि भाषेबद्दलच्या गाण्यात तो यायलाच हवा होता.

साधारण महिन्याभराने दुसरा गिटारिस्ट अहमूदू मदासाने नायजरला परतू शकला. जाताना त्याच्याबरोबर एक छोटा रेकॉर्डर दिला होता. तिथे त्याने तुआरेग लोकांना जमवून कोरसचे आवाज टिपले आणि ते ब्रुकलिनच्या रेकॉर्डिंगवर बसवले गेले. फोनच्या स्पीकरवर ते निसटतात. हेडफोन लावून ऐका.